सोबत जोडलेला दाखला

मार्चमधल्या एका मंगळवारी मी ऑफिसातून घरी आलो, तेव्हा अस्मिता किचनच्या टेबलाशी बसली होती आणि तिच्यासमोर जागृतीचा मृत्यूचा दाखला होता.

जागृती माझी बायको. ऑगस्टमध्ये गेली. पोटाचा कॅन्सर होता, कळल्यापासून सात महिने मिळाले. अस्मिता आमची एकुलती एक मुलगी, अकरावीत आहे. आम्ही नेपरव्हिलला राहतो. मी शिकागोला एका विमा कंपनीत डेटाबेसचं काम बघतो, ट्रेनने जातो-येतो. पूर्वी स्टेशनवरून घरात शिरायला मला दहा मिनिटं लागायची. आता गाडी गॅरेजमध्ये लावून मी थोडा वेळ तसाच बसून राहतो, मग आत येतो.

"बाबा, हे त्यांच्याकडे कसं गेलं?" तिने विचारलं.

टेबलावर एक मोठं पाकीट फोडलेलं होतं. वरचं पत्र अभिनंदनाचं होतं. आमच्या भागातल्या माजी सैनिकांच्या क्लबचं महिला मंडळ आहे, त्यांनी अस्मिताची गर्ल्स स्टेटसाठी निवड केली होती. त्याखाली संमतीचा फॉर्म होता, पुढच्या शुक्रवारपर्यंत तिने आणि मी सही करून पाठवायचा. आणि त्याखाली दाखल्याची प्रत, तिला एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली. चिठ्ठीवर निळ्या शाईत लिहिलं होतं, 'मिस्टर रामटेके, ही प्रत तुम्हाला पुढे लागेल म्हणून परत करते आहे. डोरथी नोव्हाक.'

बाईंनी चांगल्या मनानेच परत केली होती. मी बूट काढत होतो. एक काढला होता, दुसरा तसाच राहिला.

"मी पाठवला," मी म्हणालो.

"का?"

"तुझ्या अर्जासाठी."

"अर्ज मी भरला होता. ऑनलाइन. त्यात दाखला कुठेच मागितला नव्हता."

"मी वेगळं पत्र लिहिलं होतं. पोस्टाने."

तिने चिठ्ठी काढून परत चिकटवली, परत काढली.

गर्ल्स स्टेट म्हणजे काय ते आधी सांगतो. जूनमध्ये एका विद्यापीठाच्या वसतिगृहात आठवडाभराचं शिबिर भरतं. राज्यभरातून अकरावीच्या मुली येतात. त्या दोन पक्ष करतात, निवडणुका लढवतात, महापौर होतात, आमदार होतात, गव्हर्नर होतात, बिलं आणतात, एकमेकींची बिलं पाडतात. मुलांचं शिबिर वेगळं असतं. त्या त्या गावचे क्लब आपल्या भागातून मुली निवडून पाठवतात. आमच्याकडचा क्लब लहान आहे. तो वर्षाला एकच मुलगी पाठवतो.

आमच्या लोकांत याची चर्चा चालते ती कॉलेजच्या प्रवेशावरून. ते मला पद्मजाने समजावलं होतं. पद्मजा पुण्याची, दोन रस्ते सोडून राहते. तिची दोन्ही मुलं मोठ्या नावाच्या कॉलेजांत लागली, तेव्हापासून ती इतरांच्या मुलांना मार्गदर्शन करते. ती जागृतीची मैत्रीण. जागृती आजारी असताना सात महिने दर गुरुवारी तिने डबा आणला, एक गुरुवार चुकवला नाही. त्यामुळे तिचं मी ऐकून घेतो.

"कॉलेजच्या अर्जात ॲक्टिव्हिटीच्या फक्त दहा ओळी असतात, सुभाष," डिसेंबरमध्ये आमच्या सोफ्यावर बसून ती सांगत होती. "एकेका ओळीत दीडशे अक्षरं. त्यात अख्खं मूल बसवायचं. गर्ल्स स्टेट ही एक ओळ. चांगली ओळ आहे, निवड करून घेतात म्हणून. ते पैसे भरून वॉशिंग्टनला जायचे कॅम्प असतात ना, त्यांना ॲडमिशनवाले आता बरोबर ओळखतात. पण हिच्या एकटीच्या जोरावर दार उघडेल असं नाही. तिथे जाऊन गव्हर्नर-बिव्हर्नर झाली तर गोष्ट वेगळी. खरा जोर निबंधावर. आणि निबंध जागृतीवर लिहायचा."

अस्मिता समोरच होती. "काकू, नो," ती म्हणाली.

"अगं, आत्ता नको. ऑगस्टमध्ये लिही."

"ऑगस्टमध्ये पण नो."

"बोलायला वाईट वाटतं मला, पण जे इतरांकडे नाही असं तुझ्याकडे तेच आहे, बेटा."

अस्मिता उठून वर गेली. पद्मजाने डोळे पुसले आणि मला म्हणाली, "मी वाईट आहे का रे?" मी म्हणालो, नाही.

अस्मिताला तिथे जायचं होतं ते ओळीसाठी नव्हतं. हे तिने मला एकदा गाडीत सांगितलं. "शाळेत सगळ्यांना माहीत आहे. मी लॉकरजवळ गेले तरी सगळ्यांचा आवाज कमी होतो. टीचर्स मला होमवर्क विचारत नाहीत. तिथे शेकडो मुली असतील आणि एकीलाही माहीत नसेल. मला आठवडाभर फक्त भांडायचंय, बाबा. बिलांवरून."

म्हणून गर्ल्स स्टेटच्या अर्जात तिने आईचा उल्लेख कुठेही केला नाही. पालकांच्या नावासाठी दोन रकाने होते. एकात माझं नाव टाकलं. दुसरा रिकामा ठेवला. पाठवण्याआधी तिने मला अर्ज दाखवला. तो रिकामा रकाना मी बघितला आणि मला राहवलं नाही.

याला कारण आहे. माझे वडील नागपूरला वीज मंडळात लाइनमन होते. मी नववीत असताना खांबावर काम करताना गेले. माझी आई गिरजाबाई अंगठा लावायची. अनुकंपा तत्त्वावर तिला शिपायाची नोकरी मिळावी म्हणून सगळे अर्ज मी लिहिले. माननीय कार्यकारी अभियंता साहेब यांस. विषय. महोदय. सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा ही नम्र विनंती. सोबत: मृत्यूच्या दाखल्याची साक्षांकित प्रत. असे दोन वर्षांत अकरा अर्ज केले, तेव्हा नोकरी लागली. त्या नोकरीवर मी शिकलो. तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलं आहे की घरातलं माणूस गेलं तर ते वरच्या माणसाला कागदावर कळवायचं असतं. कळवलं नाही तर चूक आपली.

जानेवारीत एका रविवारी मी त्याच साच्यात इंग्रजी पत्र लिहिलं. दाखल्याची झेरॉक्स काढली, तिच्यावर 'खरी प्रत' असं लिहून सही केली, क्लबच्या पत्त्यावर पाठवली. अस्मिताला सांगितलं नाही. ती नको म्हणाली असती, हे मला माहीत होतं.

"म्हणजे मला आईमुळे घेतलं," ती टेबलाशी बसून म्हणाली.

"तसं काही नाही. तुझी मुलाखत चांगली झाली होती ना?"

"तू होतास तिथे?"

"नाही."

"मग?"

 तिने दाखला माझ्याकडे सरकवला.

"बाबा, तूच सांगायचास. कॉलेजमध्ये मुलं तुला सवलतवाला म्हणायची. आणि तू म्हणायचास, आरक्षण ही दया नाही, हक्क आहे. मी हिस्टरीच्या प्रोजेक्टमध्ये पण लिहिलं होतं ते. मिस्टर हॉलना मी एक्स्प्लेन केलं होतं, पूर्ण क्लाससमोर. मग हे काय आहे? हा कुठला हक्क आहे?"

इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत ज्यांनी टोमणे मारले त्यांना मी उत्तरं दिली होती. हक्काच्या जागेवर बसलो होतो म्हणून देता आली. आता समोर माझीच मुलगी होती आणि तिचं बरोबर होतं. ही दया होती. मीच मागितली होती.

"मी सही करणार नाही," ती म्हणाली आणि वर गेली. मग मी दुसरा बूट काढला.

दुसऱ्या दिवशी ट्रेनमध्ये पद्मजाचा फोन आला. निवडीची बातमी तिला कुठून कळली कोण जाणे. मी सगळं सांगितलं.

"सुभाष, वेडा आहेस का तू? सही करून टाक. निवड झाली म्हणजे झाली. कशामुळे झाली ते कोणी विचारत नाही."

"ती विचारते आहे."

"तिला सांग, इथल्या अर्ध्या मुलांना इंटर्नशिप बापाच्या मित्राकडे मिळते. त्यांची झोप उडत नाही."

"सांगितलं तर ती त्यांच्यावरही बिल आणेल."

पद्मजा हसली. मग म्हणाली, "जागृतीवर गेली आहे."  समोरचा माणूस माझ्याकडे बघत होता, म्हणून मी फोन ठेवला.

ईस्टरच्या आधी दर शुक्रवारी क्लबच्या हॉलमध्ये तळलेल्या माशांचं जेवण असतं. कोणीही जाऊन विकत घेऊ शकतो. नोव्हाकबाई तिथे असतात हे मला फेसबुकवरून कळलं. मी ठरवलं की याच शुक्रवारी त्यांना भेटायचं आणि पत्राचा निवडीशी संबंध नव्हता असं लिहून घ्यायचं. एका कागदाने बिघडलं होतं, ते दुसऱ्या कागदाने दुरुस्त होईल असं मला वाटत होतं. माझी धाव तेवढीच.

हॉलमध्ये लांब टेबलं होती, म्हातारी माणसं कागदी प्लेटांमध्ये जेवत होती. खिडकीशी एका मुलीने विचारलं, "किती?"

"तीन," मी म्हणालो. तीन डबे हातात आल्यावर माझ्या लक्षात आलं. मागे लाइन होती. परत करायची लाज वाटली.

नोव्हाकबाई कोबीची कोशिंबीर वाढत होत्या. ऐंशीच्या घरातल्या, ठेंगण्या, ॲप्रनवर छोट्या झेंड्याची पिन. मी नाव सांगितलं.

"ओह. दाखल्यावाले," त्या म्हणाल्या. त्यांनी हातमोजे काढले आणि कोपऱ्यातल्या टेबलाकडे बोट दाखवलं. "बसा. पुढची खेप तळून येईपर्यंत माझ्याकडे पाच मिनिटं आहेत."

मी सगळं सांगितलं. मुलगी सही करत नाही, हेही सांगितलं. त्या ऐकत होत्या.

"ते पत्र का पाठवलंत तुम्ही?"

"आमच्याकडे पाठवतात."

"काय व्हावं म्हणून?"

"तुम्हाला माहीत असावं म्हणून."

"हं," त्या म्हणाल्या. "मिस्टर रामटेके, निवड आम्ही तिघी करतो, मी, रूथ आणि जून. माझा नवरा जाऊन बारा वर्षं झाली. रूथचा त्याच्याही आधी गेला. जूनचा आहे, पण तो तिला ओळखत नाही. घरात कोण मेलं यावर आम्ही निवड करायला लागलो, तर आम्ही तिघीच जाऊन राहू त्या वसतिगृहात."

त्या मोठ्याने हसल्या. मलाही हसू आलं.

"म्हणजे पत्रामुळे निवड झाली नाही," मी म्हणालो. "एवढं लिहून द्याल का?"

त्यांचं हसणं थांबलं. "नाही."

"का?"

"कारण मला माहीत नाही. मी पत्र वाचलं. जूनने वाचलं. मग तुमची मुलगी आत आली. ती बोलत होती आणि मला पत्र आठवत होतं. मी चांगले मार्क दिले. पत्र वाचलं नसतं तर किती दिले असते, ते आता कोण सांगणार? मी खोटं लिहून देणार नाही. या वयात तर नाहीच."

"मग मी तिला काय सांगू?"

"तुम्ही काही सांगू नका. तुमचं सांगून झालं आहे." त्यांनी नॅपकिनवर फोन नंबर लिहिला. "तिला फोन करायला सांगा. मी मुलींशी बोलते. वडिलांचे अर्ज घेत नाही."

उठताना मी माझं पत्र परत मागितलं. त्या आतल्या ऑफिसात गेल्या आणि घेऊन आल्या. पाकिटावर मी तीन स्टॅम्प लावले होते. एक पुरला असता.

घरी अस्मिताने पिशवीतून डबे काढले. तीन निघाले. तिने माझ्याकडे बघितलं नाही. तिसरा फ्रीजमध्ये ठेवला आणि दोन टेबलावर मांडले. जेवण झाल्यावर मी तिला नॅपकिन दिला आणि पत्र दिलं. तिने उभ्यानेच वाचलं.

"'ओबीडियंट'?"

"आमच्याकडे लिहितात तसं. मेहनती, प्रामाणिक, आज्ञाधारक."

"मी?"

"नाहीस. पण लिहितात."

तिचे ओठ थोडे हलले. मग तिने पत्र परत वाचलं, या वेळी बसून.

"आईबद्दल एकच ओळ आहे."

"हो."

"आणि तिचं नाव नाहीये."

मी पत्र हातात घेतलं. खरंच नव्हतं. 'तिची आई' असं लिहिलं होतं. दाखल्यावर नाव आहे, मग पत्रात कशाला, असं मला तेव्हा वाटलं असेल. काय वाटलं होतं ते आता आठवत नाही. बावीस वर्षं संसार केला आणि मला तिच्याबद्दल लिहायला मिळालेला एकमेव कागद असा लिहिला.

शनिवारी सकाळी तिने फोन लावला. मला समोर बसवलं, फोन स्पीकरवर टाकला आणि म्हणाली, "ऐक. पण बोलू नकोस."

नोव्हाकबाईंनी पहिल्याच रिंगला उचलला.

"मिसेस नोव्हाक, मला एकच विचारायचंय. तुमच्या तिघींमध्ये माझ्या बाबांचं पत्र न वाचलेलं कोणी होतं का?"

"रूथ होती. रूथला दिसत नाही. तिला आम्ही अर्ज वाचून दाखवतो. पत्र वेगळं आलं होतं, ते दाखवायचं राहिलं. मुलाखतीत ती नुसती ऐकते."

"तिच्या मार्कांप्रमाणे मी पहिली होते का?"

"हे मी सांगणं बरोबर नाही."

"दुसऱ्या कुणाचे मार्क नका सांगू. फक्त माझं सांगा. पहिली होते की नाही?"

बराच वेळ कागद चाळल्याचा आवाज येत होता.

"नाही," बाई म्हणाल्या. "दुसरी होतीस. अगदी थोडक्यात."

अस्मिताने मान हलवली, जणू बाई समोर बसल्या होत्या. "तिने काही कारण सांगितलं का?"

"सांगितलं. रूथ नेहमी सांगते. तू ते बस स्टॉपच्या फूटपाथचं बोललीस. रूथ म्हणाली, या मुलीला सगळं पाठ आहे. किती स्टॉप, किती इंच बर्फ, कोणत्या खात्याचं काम, सगळं. पण एकटीने केल्यासारखं सांगते. असली कामं एकटीने होत नाहीत. ही कोणाला तरी गाळून बोलते आहे."

अस्मिता टेबलाकडे बघत राहिली.

फूटपाथचं मला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात बर्फ काढणाऱ्या गाड्या रस्त्यावरचं बर्फ फूटपाथवर ढकलायच्या आणि स्कूल बसची वाट बघणारी मुलं रस्त्यात उभी राहायची. जागृतीने ते मनावर घेतलं. ती सकाळी पट्टी घेऊन स्टॉपवर जायची, बर्फ मोजायची आणि वहीत लिहायची. अस्मिता तिच्याबरोबर असायची, आधी कुरकुर करत, नंतर स्वतःहून. जागृती सिटी काउन्सिलच्या तीन बैठकांना गेली. बोलायला तीन मिनिटं मिळतात. ती घरी मला समोर बसवून घड्याळ लावून प्रॅक्टिस करायची आणि पावणेतीन मिनिटांत संपवायची. नंतर ती आजारी पडली आणि ते काम अर्धंच राहिलं.

"मिसेस नोव्हाक," अस्मिता म्हणाली, "मग रूथची जी पहिली आहे तिला पाठवा. मी अल्टरनेट राहते, कोणी गळलं तर."

मी हात वर केला. तिने मला नको अशी खूण केली.

"नीट विचार केलास का, बाळ? शुक्रवारपर्यंत वेळ आहे."

"केला."

"तुझी आई..." नोव्हाकबाई म्हणाल्या आणि थांबल्या. "ठीक आहे. अल्टरनेटचा फॉर्म पाठवते. त्यावरही सही लागते. वडिलांना सांग, फक्त सही. बाकी काही जोडायचं नाही."

फोन ठेवल्यावर मी म्हणालो, "एकट्या रूथचं म्हणजे सगळं खरं, असं थोडंच आहे?"

"नाही. पण तिने माझं ऐकलं, बाबा. बाकीच्यांनी तुझं वाचलं."

"तू आईचं नाव घेतलं असतंस तर..."

"माहितीये."

"मी एवढंच म्हणतो..."

"बाबा, माहितीये मला."

ती उठली आणि तिने फ्रीज उघडला. तिसरा डबा काढला, मायक्रोवेव्हमध्ये गरम केला आणि सकाळी साडेदहा वाजता उभ्याने तो मासा खाल्ला. अर्धा मला दिला. थंडच होता मधून.

पद्मजाला कळल्यावर ती घरी आली. "अल्टरनेटची ओळ होत नाही गं," ती म्हणाली. "त्या दहा ओळींत त्याला जागाच नाही." मग एकदम सरळ होऊन बसली. "थांब, थांब. पण हाच तर निबंध आहे! मिळालेली जागा सोडली! अस्मिता, अगं हे तर..."

"काकू, नो."

"ऐकून तरी घे."

"काकू."

"बरं बाई. भाजी आणली आहे, ती तरी घे." तिने डबा ओट्यावर ठेवला. त्या दिवशी गुरुवार होता.

जूनमध्ये, शिबिराला निघायच्या रविवारी, बस साडेबाराला सुटायची होती. नियम असा की अल्टरनेटने बस सुटेपर्यंत बॅग भरून तयार राहायचं. कोणाला ताप आला, कोणाची ऐन वेळी माघार झाली, तर फोन येतो. अस्मिताने सकाळी बॅग भरली. चादर, उशी, टॉवेल, मतदानाच्या दिवसासाठी पांढरा शर्ट. सगळं दाराशी ठेवलं. फोन टेबलावर ठेवला. आम्ही दोघं त्याच्या दोन बाजूंना बसलो. मी पेपर वाचत होतो, म्हणजे हातात धरला होता. अकराला एक फोन आला, तो दातांच्या डॉक्टरांकडचा होता, मशीनवरचा. तिने तो पूर्ण ऐकला.

साडेबारा वाजले. पावणेएक वाजले.

मला वाटत होतं की तिला काहीतरी म्हणावं. काय म्हणावं ते सुचत नव्हतं. अशा वेळी बोलायचं काम जागृतीचं होतं. ती काय म्हणाली असती, तेही मला आता नीट आठवेना, आणि त्याने मला फार थकल्यासारखं झालं.

एक वाजता अस्मिता उठली. बॅग उघडली. चादर कपाटात ठेवली, शर्ट हँगरला लावला, उशी वर नेऊन टाकली. खाली आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, पण आवाज नेहमीचा होता.

"बाबा, आईची ती फूटपाथची वही कुठे आहे?"

मला नक्की माहीत होतं. ड्रॉवरमध्ये, दाखल्याच्या फाइलखाली. मी काढून दिली. हिरव्या कव्हरची वही होती, पानं पाण्याने फुगलेली. ती टेबलाशी बसली आणि पहिल्या पानापासून वाचू लागली. मधेच तिने कोरा कागद घेतला आणि वर आईचं पूर्ण नाव लिहिलं. मग खाली स्वतःचं.

"काउन्सिलला पाठवायचं आहे का?" मी विचारलं. "म्हणजे कव्हर लेटर वगैरे काही लागत असेल तर..."

तिने माझ्याकडे बघितलं.

"नाही, नुसतं विचारलं," मी म्हणालो.

"मी पाठवते, बाबा. तू भाताचं बघ."

मी तांदूळ धुवायला घेतले. पाऊण वाटी घेतले. दोघांना तेवढे पुरतात.